विचोल्याच्या जागी कोण उभं राहणार?

पंजाबात लग्न जुळवणाऱ्या माणसाला विचोला म्हणतात, बाई असेल तर विचोलण. विच म्हणजे मध्ये, म्हणून विचोला म्हणजे मधला. आपल्याकडे मध्यस्थ म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं त्यापेक्षा या शब्दाला वजन जास्त. मुलाकडे किती किल्ले जमीन आहे, म्हणजे आपल्या भाषेत किती एकर, त्यातली गहाण किती, थोरला भाऊ पितो का, मुलीची आई तोंडाने कशी आहे, मागच्या पिढीत या घराने कुणाची लेक परत पाठवली होती का, हे सगळं त्याला माहीत असायचं. माहीत नसेल ते तो गावात चार ठिकाणी बसून काढून आणायचा. लग्नात त्याला अंगठी मिळायची, मान मिळायचा, आणि बायकांच्या गाण्यांत त्याचा यथेच्छ उद्धारही व्हायचा. तीन वर्षांनी नवराबायकोचं बिनसलं, तर दोन्ही घरची माणसं आधी त्याच्या अंगणात येऊन बसायची. कागदावर सही नव्हती, पण तो त्या लग्नाला जामीन होता.

शादी डॉट कॉम, भारत मॅट्रिमनी, जीवनसाथी अशा साइट नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून आल्या. आधी त्या शहरातल्या सुशिक्षित घरांत पोचल्या, मग फोनवरून मोगा-जालंधरच्या खेड्यांत. शोधणं एकदम सोपं झालं. लुधियान्याच्या मुलीला ब्रॅम्प्टन, सरे, साउथॉल, मेलबर्नची स्थळं घरबसल्या दिसायला लागली. रविवारच्या इंग्रजी पेपरातल्या ‘जट्ट सिख, टर्बन्ड, पाच फूट अकरा, पीआर’ (परदेशात कायम राहायचा परवाना असलेला) अशा दोन ओळींच्या जाहिरातीपेक्षा इथे कितीतरी जास्त कळतं. पण विचोला दोन कामं करायचा. तो स्थळ शोधायचा आणि स्थळाची हमी घ्यायचा. शोधण्याचं काम साइटने घेतलं. हमीचं काम तसंच पडून राहिलं, आणि आज शीख घरांत लग्नाच्या बाबतीत जी फसगत, जी निराशा, जे मोडलेले रोके, म्हणजे ठरून मोडलेल्या सोयरिकी, दिसतात, त्यातला मोठा भाग या पडून राहिलेल्या कामामुळे आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी तो फॉर्म पाहू. धर्म: शीख. त्याखाली जात, आणि खाली सरकणारी यादी: जट्ट, खत्री, अरोडा, रामगढिया, सैनी, कंबोज, लुबाणा, रामदासिया, रविदासिया, मजहबी, छिंबा. त्याखाली जन्मवेळ आणि जन्मस्थळ. त्याखाली मंगळ आहे का. हा फॉर्म सगळ्या धर्मांसाठी एकाच साच्यातून काढलेला आहे, आणि शीख माणूस तो निमूटपणे भरतो. आता याच्या शेजारी शीख रहत मर्यादा ठेवा. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने १९४५ मध्ये मान्य केलेली ही आचारसंहिता छोटीशी पुस्तिका आहे, आणि लग्नाच्या प्रकरणात तिने काही शिल्लक ठेवलेलं नाही. शिखाने जात-गोत न पाहता विवाह करावा. पत्रिका पाहून दिवस ठरवणं मनमत आहे, म्हणजे गुरूचं सोडून मनाचं ऐकणं. दोन्ही घरांना सोयीचा कुठलाही दिवस चांगला. सेहरा, मनगटाला गाना म्हणजे धागा, पितरांची पूजा, वेदी, हवन, दारू, सगळ्याला मनाई. वरातीत माणसं किती आणायची हे मुलीकडचे ठरवतील, आणि ती थोडी असावीत. पैसे घेऊन मुलाची किंवा मुलीची सोयरीक करू नये. साखरपुडासुद्धा आवश्यक नाही. करायचाच तर मुलीकडच्यांनी संगतीत, म्हणजे जमलेल्या भाविकांत, अरदास (प्रार्थना) करून मुलाला किरपाण, कडं आणि थोडी मिठाई द्यावी, बस.

म्हणजे फॉर्ममधले निम्मे रकाने शिखाला लागूच नाहीत. जन्मवेळेचा रकाना मोकळा सोडावा, मंगळाच्या रकान्यात ‘लागू नाही’ निवडावं. एवढं केलं तरी समोरच्या घराला तुमच्याबद्दल एक खरी गोष्ट कळते. अनेक घरं तसं न करता ‘माहीत नाही’ लिहितात, मग एखाद्या स्थळाकडून जन्मवेळ मागितली जाते आणि नाही म्हणायला अवघड होऊन बसतं. जातीच्या रकान्याचं दुखणं मात्र जुनं आणि खोल आहे. रहत मर्यादा काहीही म्हणो, जट्ट घर जट्टच शोधतं, रामगढिया घर रामगढियाच. साइटने ही सवय निर्माण केली नाही, पण तिला बटण दिलं. पूर्वी विचोला कधीतरी म्हणायचा, ‘घर दुसऱ्या बिरादरीचं आहे, पण मुलगा पाहा तर खरं.’ साइटची गाळणी, म्हणजे फिल्टर, तसं म्हणत नाही. जे गाळलं ते कधी डोळ्यांसमोर येतच नाही, म्हणून मन बदलायची वेळही येत नाही. मागणी झाली तर रकाना निघतोही. २०२० च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या बायकांनी ऑनलाइन अर्ज फिरवला तेव्हा शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगाची गाळणी काढून टाकली. जातीसाठी असा रेटा शीख घरांतून यायला हवा, कारण त्यांच्या हातात तर लिखित आधार आहे.

या यादीत मराठी वाचकाने थांबावं अशी एक नोंद आहे. छिंबा किंवा टांक क्षत्रिय लावणारी शीख घरं स्वतःला भगत नामदेवांशी जोडतात. गुरु ग्रंथ साहिबात ज्यांची ६१ पदं आहेत आणि गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला ज्यांची समाधी मानतात, ते आपलेच संत नामदेव. आपल्याकडच्या नामदेव शिंपी समाजाच्या वधूवर मेळाव्यात आणि तिकडच्या टांक क्षत्रियांच्या बायोडाटात एकच नाव येतं. ज्यांना देवळातून उठवलं गेलं त्या संताचं नाव दोन्हीकडे आज जातीच्या रकान्यात बसलेलं पाहून वाईट वाटतं.

गोताचं प्रकरण वेगळं, आणि तिथे साइटचा उपयोग शून्य. जट्ट घरांत रीत अशी की मुलामुलीचं स्वतःचं म्हणजे वडिलांचं गोत, आईचं गोत, वडिलांच्या आईचं आणि आईच्या आईचं गोत जुळता कामा नये. काही घरं चारही पाहतात, काही आता दोनच पाहतात. अडचण नावात आहे. बायोडाटावर हरप्रीत सिंग किंवा मनजीत कौर एवढंच असेल तर गोत कळत नाही. कळलं तरी पुरत नाही: सिद्धू आणि ब्राड ही नावं वेगळी दिसतात, पण ब्राड ही सिद्धूंचीच शाखा, म्हणून जुनी माणसं त्यांच्यात लग्न करत नाहीत. आपल्याकडे आडनावं वेगळी पण देवक एकच निघालं की बोलणी थांबतात, तसलाच प्रकार. विचोल्याला हे पाठ असायचं. साइट मात्र सिद्धू मुलाला ब्राड मुलगी आनंदाने सुचवते. मुलंमुली दीड-दोन महिने बोलतात, मनं गुंततात, आणि मग आजी विचारते, ‘नानके कौन ने?’ म्हणजे आजोळ कुठलं. तिथे सगळं थांबतं. ज्या घराला गोत पाळायचं आहे त्याने फोटो पाहण्याच्या आधी, पहिल्याच फोनवर चारही गोतं सांगावीत आणि विचारावीत. ज्याला पाळायचं नाही त्याने तेही तेव्हाच सांगावं. आजीला शेवटी विचारायचं ही पद्धत दोन्ही मुलांवर अन्याय करते.

केसांबद्दलही तेच. साइटवर पर्याय असतात: अमृतधारी (दीक्षा घेतलेला), केशधारी (केस राखणारा), पगडीधारी पण दाढी कापलेला, क्लीन शेव्हन. हा दिसण्याचा प्रश्न मुळीच नाही. अमृतधारीने ककार, म्हणजे केस, कडं, किरपाण अशी पाच चिन्हं, पाळायचे, तंबाखू नाही, हलाल नाही, नितनेम म्हणजे रोजचा पाठ करायचा. त्याच्या घरात येणाऱ्या मुलीने तसंच जगायचं की नाही हे आधी बोलायला हवं. सगळ्यात जास्त घोळ फोटोंनी होतो. प्रोफाइलवर पटियालाशाही पगडी घातलेला, मावसभावाच्या लग्नातला देखणा फोटो, आणि प्रत्यक्षात मुलाने व्हँकूवरला गेल्यावर दुसऱ्याच वर्षी केस कापलेले. उलटही होतं: मुलगा साबतसूरत, म्हणजे केस-दाढी न कापलेला, पण बहिणीने प्रोफाइल भरताना ‘चालेल’ म्हणून त्याचा कॉलेजातला टोपीवाला फोटो टाकलेला. प्रोफाइल मुलाने किंवा मुलीने स्वतः भरावं, गेल्या सहा महिन्यांतले तीन फोटो टाकावेत, त्यातला एक घरातल्या साध्या कपड्यांत असावा. आणि मुली आता जो प्रश्न उघडपणे विचारू लागल्यात तो दोघांनी पहिल्या दोन-तीन भेटींतच विचारावा: आपल्याला मुलगा झाला तर त्याचे केस ठेवायचे का? त्याची जुडी, म्हणजे डोक्यावरचा केसांचा बुचडा, सकाळी कोण घालणार, शाळेत कुणी चिडवलं तर आपण काय करणार? या एका प्रश्नाच्या उत्तरातून समोरच्याची श्रद्धा, धीर आणि घरकामाबद्दलचं मत, सगळं बाहेर येतं. वीस वर्षांपूर्वी मुलीने असं विचारणं उर्मटपणा ठरला असता. आज चांगली घरं त्या प्रश्नाची वाट पाहतात.

अटींचा हिशोब एकदा कागदावर करून पाहण्यासारखा आहे. समजा १००० स्थळं आहेत आणि तुमची प्रत्येक अट त्यातली निम्मी गाळते. जात, उंची, पगडी, देश, पगार अशा पाच अटींनंतर ३१ उरतात. सातव्या अटीनंतर ८. आईवडील मग म्हणतात की आता चांगली स्थळंच राहिली नाहीत. अटी दोनच ठेवाव्यात, ज्यांच्याबाबत खरंच तडजोड नाही अशा. बाकीच्या गोष्टी भेटीत पाहाव्यात.

मुलांच्या आईवडिलांना आणखी एक गोष्ट जड जाते. २००१ च्या जनगणनेत पंजाबात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये दर १००० मुलग्यांमागे ७९८ मुली होत्या. देशभरातल्या शिखांचा आकडा त्याहून खाली, ७८६. २०११ मध्ये तो ८२८ पर्यंत आला. ही २००१ ची लेकरं आज पंचविशी-तिशीत आहेत. म्हणजे जी मुलं आज साइटवर महिनोन्‌महिने उत्तराची वाट पाहतात त्यांच्या वाट्याच्या मुली जन्मूच दिल्या गेल्या नाहीत. कुडीमारशी, म्हणजे मुलगी मारणाऱ्याशी, संबंध ठेवू नये असं रहत मर्यादा सांगते, आणि गर्भातल्या मुलींबद्दल अकाल तख्ताने, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाने, २००१ मध्ये हुकुमनामाही (आदेश) काढला. ‘आजकालच्या मुली फार निवड करतात’ ही तक्रार ऐकली की मला तो ७८६ आकडा आठवतो.

आता हमीचं काम. हे काम आता घराने स्वतः करायचं आहे, आणि ते करता येतं.

साइटवरच्या पडताळणीच्या खुणेवर विसंबू नका. २०१६ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने विवाह संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: ओळखपत्र घ्या, हेतू विवाहाचाच आहे असं लिहून घ्या. पण त्या खुणेचा अर्थ बहुतेक वेळा फोन नंबर किंवा ओळखपत्र तपासलं इतकाच असतो. नोकरी, पगार, आधीचं लग्न, यातलं काहीही त्यात येत नाही.

परदेशातलं स्थळ असेल तर शब्दांकडे नीट लक्ष द्या. ‘कॅनडात पीआर आहे’ आणि ‘पीआरची फाइल लावली आहे’ यात जमीनअस्मानाचा फरक आहे. पीआर असणाऱ्याकडे प्लास्टिकचं कार्ड असतं आणि त्यावर मुदत छापलेली असते. ते व्हिडिओ कॉलवर दाखवायला कुणालाही अर्धं मिनिट लागतं. वर्क परमिट हा कागद असतो आणि त्यालाही मुदत असते. जोडीदाराला स्पॉन्सर करायचं तर तो माणूस नागरिक किंवा पीआर हवा. ब्रिटनमध्ये जोडीदाराला बोलावणाऱ्याचं वार्षिक उत्पन्न एप्रिल २०२४ पासून किमान २९,००० पौंड असावं लागतं, आधी ते १८,६०० होतं. म्हणून तिथल्या मुलाचा पगार विचारणं ही हाव नाही, लग्नानंतर मुलगी दोन वर्षं माहेरी बसणार की काय याचा तो प्रश्न आहे. अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्याच्या बायकोला ग्रीन कार्डची फाइल एका टप्प्याला पोचल्याशिवाय नोकरी करता येत नाही. हे पुण्यातल्या आईवडिलांनाही सांगायला नको.

आधीच्या लग्नाबद्दल तोंडी उत्तरावर थांबू नका. घटस्फोट झालेला असेल तर निकालाची प्रमाणित प्रत मागा आणि ती वकिलाला दाखवा, कारण परदेशी कोर्टाने एकतर्फी दिलेला घटस्फोट भारतात मान्य होतोच असं नाही. एक जुना उपाय अजून उत्तम चालतो: मुलगा ज्या शहरात राहतो तिथल्या गुरुद्वाऱ्यात विचारा. त्याच्या नातेवाइकांकडून मिळालेल्या नावाला नको, तुम्ही स्वतः शोधलेल्या माणसाला. लंगरात सेवा करणाऱ्या बायकांना शहरातलं प्रत्येक घर माहीत असतं. विचोल्याचं अंगण आता तिथे आहे.

व्हिडिओ कॉल एकदा ठरवून करा, एकदा न ठरवता. मुलगा एकटाच कायम गाडीत बसून बोलत असेल, घर कधी दिसतच नसेल, तर थांबा. पार्सल पाठवलं आहे, कस्टममध्ये अडकलं आहे, सोडवायला पैसे भरा, असा फोन आला तर तो माणूस ठग आहे, शंभर टक्के. पासपोर्टची प्रत रोक्याआधी कुणालाही पाठवू नये. पाहायची असेल तर भेटीत पाहावी. आणि लग्नानंतर नवरा सोडून गेला तर लाजेने गप्प बसायचं नाही. राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या लग्नांसाठी स्वतंत्र कक्ष आहे, पंजाबात एनआरआय आयोग आहे, आणि नवऱ्याचा भारतीय पासपोर्ट पासपोर्ट कायद्याखाली जप्त होऊ शकतो. विधी आयोगाने २०२४ च्या फेब्रुवारीत २८७ वा अहवाल याच विषयावर दिला आणि अशा सर्व लग्नांची भारतात सक्तीने नोंदणी करण्याची शिफारस केली.

बायोडाटा व्हॉट्सॲपवर फिरतो, त्याचंही तारतम्य ठेवायला हवं. पीडीएफ एकदा ‘रिश्ते’ नावाच्या गटात गेली की ती पाच वर्षं फिरत राहते. मुलीचं लग्न होऊन मूल झालं तरी तिच्या फोनवर अनोळखी माणसांचे फोन येतात. बायोडाटावर महिना-वर्ष घाला, मुलीचा नंबर घालू नका, वडिलांचा किंवा आईचा घाला. घराचा पत्ता नको, शहर पुरे. फोटो वेगळे ठेवा आणि मागितल्यावरच पाठवा.

आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेवर ठरणाऱ्या लग्नांबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पंजाबात गेल्या दशकात जाहिरातीतच छापलं जायचं: ‘साडेसहा बँडवाली मुलगी हवी, सगळा खर्च मुलाकडचे करतील.’ व्यवहार असा की त्या परीक्षेत हवे तेवढे बँड, म्हणजे गुण, मिळवलेली मुलगी स्टुडंट व्हिसावर कॅनडाला जाणार, तिच्या फीचे लाखो रुपये मुलाचे वडील भरणार, बहुतेक वेळा जमीन विकून, आणि मग मुलगा तिचा नवरा म्हणून ओपन वर्क परमिटवर जाणार. इथे पैसा मुलाकडून मुलीकडे वाहू लागला, म्हणून काहींनी याला हुंड्याचा अंत म्हटलं. मला ते पटत नाही. मुलीची किंमत तिच्या बँडवर ठरली आणि मुलाची त्याच्या बापाच्या जमिनीवर. हा सौदा दोन्ही बाजूंनी फसायचा. मुलगी तिकडे पोचल्यावर फोन उचलत नाही अशी मुलाकडची तक्रार, आणि रोज हिशोब मागतात, तिकडेही नातेवाईक पाळत ठेवतात अशी मुलीची. स्टँपपेपरवर केलेला करार कोर्टात लग्न टिकवू शकत नाही. मग कॅनडानेच दार लोटलं. २०२४ च्या जानेवारीत तिथल्या सरकारने स्टुडंट परमिटवर मर्यादा आणली आणि साध्या डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांच्या जोडीदाराला वर्क परमिट बंद करण्याचं जाहीर केलं. २०२५ च्या जानेवारीपासून पदव्युत्तर अभ्यासक्रमालाही तो किमान १६ महिन्यांचा असावा अशी अट आली. लग्न ज्या नियमावर उभं होतं तो नियम गेला, लग्नं मात्र राहिली. मुलाच्या घराचा पाया जर परदेशातल्या एखाद्या खात्याच्या परिपत्रकावर असेल तर ते घर बांधूच नये.

लग्नविधी स्वतः अगदी साधा आहे. आनंद कारजसाठी गुरु ग्रंथ साहिब, संगत आणि ते दोघं, एवढं पुरतं. ग्रंथी दोघांना आणि आईवडिलांना उभं करून अरदास करतो, मग मुलाच्या पल्ल्याचं टोक मुलीच्या हातात देतात, आणि गुरु रामदासांच्या चार लावां, म्हणजे विवाहाची पदं, सूही रागातल्या, ग्रंथाच्या ७७३-७७४ अंगांवरच्या (पानांवरच्या), एकेक म्हटली जाते आणि दोघं ग्रंथाभोवती एकेक फेरा घेतात. तासाभरात होतं. याच्याभोवती जे वाढलं ते आवरण्यासाठी २०२३ मध्ये दोन निर्णय झाले. ऑक्टोबरात अकाल तख्ताने समुद्रकिनारी आणि रिसॉर्टवर आनंद कारजला मनाई केली, कारण त्यासाठी गुरु ग्रंथ साहिबांची बीड, म्हणजे ग्रंथाची प्रत, तिथे न्यावी लागते. गोव्याच्या किनाऱ्यावर लग्न ठरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि डिसेंबरात आपल्या नांदेडच्या तख्त हुजूर साहिबने सांगितलं की वधूने आनंद कारजला जड लहेंगा न घालता सलवार-कमीज आणि चुन्नी घ्यावी, पत्रिकेत नावापुढे सिंग आणि कौर असावं, आणि डोक्यावर चुन्नीचं किंवा फुलांचं छत धरून तिला आणू नये. जड लहेंग्यात मुलीला धड बसता-उठता येत नाही, माथा टेकता येत नाही, एवढं कारणही पुरे आहे. नांदेडची जुनी दखनी शीख घराणी आपल्या सोयरिकी बहुतेक नांदेड-हैदराबाद पट्ट्यातच करत आली. घरात मराठी आणि हिंदी, गुरुद्वाऱ्यात गुरमुखी. त्यांच्या मुलीही आता त्याच साइटवर आहेत आणि पंजाबातली घरं त्यांना ‘महाराष्ट्र’ पाहून वगळतात. गाळणीने अमृतसर आणि अबचलनगर, म्हणजे नांदेड, यांच्यातला रस्ता तोडू नये.

गुरुद्वाऱ्याचा दाखला ही लग्नाची नोंदणी नव्हे. तो लग्न लागल्याचा पुरावा. १९०९ च्या आनंद विवाह कायद्याने या विधीला मान्यता दिली, २०१२ च्या दुरुस्तीने त्याखाली नोंदणीची सोय झाली, पण नियम राज्यांनी करायचे होते आणि अनेक राज्यांनी ते वर्षानुवर्षं केले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या सप्टेंबरात राज्यांना चार महिन्यांत नियम करायला सांगितलं. तुमच्या शहरात त्या कायद्याखाली नोंद होत नसेल तर हिंदू विवाह कायद्याखाली होते, त्यात शीख येतात. घटस्फोटासाठीही आजवर तोच कायदा लागतो. महत्त्वाचं हे की नोंदणी लग्नाच्या आठवड्यातच उरका आणि दाखल्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन्‌अक्षर जुळवा. एका कागदावर ‘गुरप्रीत कौर’, दुसऱ्यावर ‘गुरप्रीत कौर गिल’ असेल तर व्हिसाची फाइल महिनोन्‌महिने लटकते. मुलीने लग्नानंतर आडनाव बदलायची घाई करू नये. कौर हे नाव मुळात तिला कुणाच्या आडनावाची गरज राहू नये म्हणूनच आहे.

रहत मर्यादेतलं एक कलम वेगळं सांगितलं पाहिजे. पंजाबात जुनी माणसं लेकीच्या सासरी पाणीही पीत नसत, काही तर तिच्या गावच्या शिवेत आल्यावर तहान धरून ठेवत. मर्यादा म्हणते, आईवडील लेकीकडे गेले आणि तिथे जेवण तयार असेल तर जेवायला संकोच करू नये. न जेवणं हा भ्रम आहे. ही ओळ छापून इतकी वर्षं झाली, तरी ती पाळायला वेळ लागला. आता बायोडाटावर मुली स्वतः लिहितात: माझे आईवडील माझ्याकडे येऊन राहतील. एकुलत्या एक मुलींची घरं वाढली आहेत, त्यामुळे ही अट पहिल्या फोनवरच निघते, आणि गोतासारखीच ती पहिल्या फोनवर निघालेली बरी. मुलाकडून विचारायचा प्रश्नही ठरलेला: किती महिने, आणि आमचे आईवडील त्याच वेळी आले तर कोणत्या खोलीत? कॅनडाच्या सुपर व्हिसावर आईवडिलांना एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. ब्रॅम्प्टनच्या अनेक घरांत आता सकाळी मुलीची आई नातवाची जुडी घालते, मुलाची आई पराठे लाटते, आणि दोघी एकाच टेबलावर बसून चहा घेतात.